आधी मिस्त्री, मग गाडी

जुनी गाडी घेतली म्हटल्यावर लोक दोनच गोष्टी विचारतात. किती चाललीय आणि केवढ्याला बसली. दोन्हींची उत्तरं मी देतो, पण मला स्वतःला तिसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ही गाडी रात्री अकराला कुळकजाईच्या अलीकडे बंद पडली, तर चालत जाण्याच्या अंतरात तिचं बॉनेट उघडायची हिंमत असलेलं कोण आहे? शहरात हा प्रश्न पडत नाही. फोन केला की क्रेन येते. माण तालुक्यात क्रेन येईपर्यंत गाय दगावते.

मी जनावरांचा डॉक्टर. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलो आणि दहिवडीच्या आसपास खासगी प्रॅक्टिस धरली. बरीच वर्षं मोटारसायकलवर काढली. मागच्या कॅरिअरला कृत्रिम रेतनाचा नायट्रोजनचा कंटेनर, एका बाजूला कॅल्शियमच्या बाटल्या, दुसऱ्या बाजूला दोर, हूक, गमबूट, आणि पोटाशी लशींचा बर्फाचा डबा. नायट्रोजन उणे १९६ अंशांचा. कंटेनर आडवा झाला की नायट्रोजन सांडतो आणि आतल्या रेतमात्रा वाया जातात. त्यामुळे खड्डा आला की मी आधी कंटेनरचा विचार करायचो, मग कमरेचा. माण हा पर्जन्यछायेतला तालुका, पाऊस तसा कमीच. पण जो पडतो तो नेमका एखादी गाय अडलेली असते त्याच रात्री. मुरमाचा रस्ता तेवढ्या पावसानं तग धरतो, काळ्या रानातला धरत नाही.

गाडी घ्यायची ठरली ती २०१८ मध्ये. नवी घेण्याइतका पैसा नव्हता, आणि असता तरी शेणानं भरलेले गमबूट घेऊन कोऱ्या गाडीत बसायला जीव धजला नसता. उंच, दणकट, मागं सामान मावेल आणि घरच्यांनाही घेऊन जाता येईल अशी जुनी एसयूव्ही बघायला लागलो.

त्या काळात आमच्याकडच्या एजंटांकडे दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्यांचा सुकाळ होता. दिल्लीत दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये बंदी घातली, तेव्हापासून तिकडचे मालक गाडी आठ-नऊ वर्षांची झाली की मिळेल त्या भावात सोडून देऊ लागले. एजंट त्या खाली आणायचे. ना-हरकत दाखला काढायचा, इथला कर भरायचा, नवा नंबर घ्यायचा. एवढं करूनही गाडी स्वस्त पडायची. मला दाखवलेली एसयूव्ही काळीभोर, चामड्याच्या सीटची, छतात काच असलेली. आत बसल्यावर आपण मंत्री असल्यासारखं वाटलं. मीटरवर पंचावन्न हजार किलोमीटर.

आता या बाबतीत माझा धंदा मला उपयोगी पडतो. जनावरांच्या बाजारात मी लहानपणापासून उभा आहे. विकायच्या दिवशी सकाळी गाईची धार काढत नाहीत, कास तुंबवतात, म्हणजे गिऱ्हाइकाला ती भरलेली दिसते. शिंगं तासून तेल लावतात. म्हणून जाणता माणूस कास बघत नाही, दात बघतो. गाडीचे दात म्हणजे तिचे पॅडल. क्लचच्या पॅडलवरचं रबर एका कडेनं झिजून आतलं लोखंड चकाकत असेल, तर पंचावन्न हजार कुणी सांगू नये. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पंचावन्न हजारांत साधारण एकदा टायर बदलतात, तर इथं चारही टायर वेगवेगळ्या सालातले. स्टिअरिंगचं कव्हर नवं होतं. ते वर करून बघितलं तर खालचं चामडं बोटांच्या जागी गुळगुळीत झालेलं.

तरीही मी ती घेतली असती. मीटर मागं फिरवलेलं असतं हे गृहीतच धरून किंमत लावायची असते. ती घेतली नाही ती मिस्त्रीमुळे.

मिस्त्रीचं गॅरेज दहिवडीतून फलटणकडे निघालं की रस्त्यालगत आहे. पुढं पत्र्याचं छप्पर, मागं निवडुंग. माझी मोटारसायकलही त्याच्याच हाताखालची. त्यानं त्या काळ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि तळहात वर धरला. धूर नाही, फवारे नाहीत, बॅक कॉम्प्रेशन ठीक. खाली झोपून बघितलं. सायलेन्सरमधून काळा धूर येतो का निळा ते बघितलं. निळा म्हणजे इंजिन ऑइल खातंय. तोही नव्हता. मग हात पुसत म्हणाला, "डॉक्टर, गाडी झ्याक हाय. नाव ठेवाय जागा न्हाय. पर हिला काय झालं तर मला पुण्याला फोन करावा लागंल, आन् पुण्यावाला पार्टला चार दिस लावंल. चार दिस तुमी काय करनार? बैलगाडीनं जानार?"

एजंटचं तोंड उतरलं. पण मला त्या एका वाक्यानं गाडी कशी बघायची ते कळलं. त्यानंतर मी गाड्या बघायचं थांबवलं आणि रस्ते बघायला लागलो. माझ्या रोजच्या रस्त्यांवर, म्हणजे दहिवडी, गोंदवले, म्हसवड, मार्डी, शिंगणापूर, खाली मोगराळे घाट उतरून फलटण, कोणत्या गाडीचे पार्ट टांगलेले दिसतात? कोणती गाडी पोलीस ठाण्यासमोर उभी असते, वनखात्याकडे असते, पंचायत समितीच्या आवारात असते? उत्तर सगळीकडे एकच. बोलेरो.

ही गाडी २००० साली आली. तिचं खानदान आर्माडाचं, आणि आर्माडाचं जीपचं. महिंद्रानं विलीज जीप जोडायला सुरुवात केली ती १९४७ मध्ये, म्हणजे हे घराणं स्वतंत्र भारताच्या वयाचं. बोलेरो नाशिकला बनते. शिडीसारखी जाड चेसिस, तिच्यावर बसवलेली पत्र्याची पेटी, मागं कमानपाटे, मागच्या चाकांना ओढ. माझ्या गाडीचं इंजिन २५२३ सीसीचं, ताकद ६३ अश्वशक्ती. आजकालच्या पोरांना हा आकडा सांगितला की हसतात. पण ती ताकद खालच्या फेऱ्यांवरच मिळते, इंजिन ओरडायच्या आधी, आणि चढावर भरलेल्या गाडीला तीच लागते. काचा सरळ, कोपरे चौकोनी, दिसायला पत्र्याची तिजोरी. सुंदर म्हणणार नाही. पण बसल्या जागेवरून बॉनेटची दोन्ही टोकं दिसतात, आणि बांधाच्या कडेनं गाडी मागं घेताना याची किंमत कळते.

अशी एक बोलेरो तासगावकडे असल्याचं कळलं. २०१२ चं पासिंग, एमएच १०, मालक द्राक्षबागायतदार. मिस्त्रीला बरोबर घेऊन गेलो. गाडी धुवून-पुसून बागेच्या कडेला उभी केलेली. मालक सरळ माणूस होता, चहा पाजला, फार काही बोलला नाही. मिस्त्रीनं बॉनेटकडे बघितलंही नाही. मागचा दरवाजा उघडला, रबरी मॅट धरली आणि उचलली. खाली पत्र्यावर हिरवट निळा डाग पसरलेला. बोर्डो मिश्रणाचा. मोरचुदाच्या पिशव्या कायम मागं टाकून आणलेल्या, कधीतरी एखादी ओल्यात फुटलेली. मोरचूद पत्र्याला चांगला नसतो, लोखंड खातो. मिस्त्रीनं स्क्रूड्रायव्हरचं टोक डागाच्या मधोमध ठेवून नुसतं दाबलं. टोक आरपार गेलं आणि खालची माती दिसली.

मालक म्हणाला, "हे मलाच म्हाईत नव्हतं." मला ते खरं वाटलं. स्वतःच्या गाडीची मॅट कोण उचलून बघतं?

मग पाटे बघितले. द्राक्षाचे क्रेट वाहून वाहून कमान सपाट झालेली. क्लच वर धरत होता, म्हणजे प्लेट संपत आलेली. पण चेसिस सरळ होती, नंबरावर घासाघीस नव्हती, चुंबक फिरवला तर दारांना सगळीकडे चिकटत होता, म्हणजे लांबी भरून झाकलेला अपघात नव्हता. मिस्त्रीनं मला बाजूला घेतलं. "भोक आपुन वेल्डिंगनं बुजवू. पाटं म्हसवडला मिळत्यात. क्लचप्लेट माझ्याकडं टांगलेली हाय. ह्या गाडीत मला न येनारं काय न्हाय, इंजेक्टर सोडून. त्याला साताऱ्याला जायाचं." पत्रा सडला म्हणून मालकानं किंमत उतरवली, आणि चार लाखांच्या आत सौदा बसला.

कागदांचं मात्र लांबलं. नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्या. कायद्याप्रमाणे विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत. पण आरसीवर कर्ज देणाऱ्याचं नाव तसंच होतं. कर्ज कधीच फिटलेलं, पण एचपी उतरवायची राहिलेली. त्यासाठी नमुना ३५ आणि सोबत सावकार संस्थेचं पत्र लागतं. मालकाकडे पत्र होतं, पण मुदत उलटून गेलेलं. पुन्हा अर्ज, पुन्हा हेलपाटे. बरेच लोक या कंटाळ्यानं गाडी तशीच चालवतात, वर्षानुवर्षं जुन्या मालकाच्या नावावर. दोघांनीही असं करू नये. नावावर न केलेल्या गाडीनं अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. द्राक्षवाल्याला मी हे सांगितलं तेव्हा तो माझ्यापेक्षा जास्त घाईला आला. विम्याचंही एक सांगून ठेवतो. विमा नावावर होतो, पण नो क्लेम बोनस जुन्या मालकाचाच राहतो. तो गाडीचा नसून माणसाचा असतो. एजंट हे सांगत नाहीत.

गाडी घरी आली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं मला घोळात घातलं. एका वस्तीवरून फोन आला होता, म्हैस फुगलीय, लवकर या. मी गेलो. पांढरी बोलेरो वस्तीत शिरली तशी बायका आत गेल्या, दार लागलं, आणि एक माणूस कडब्याच्या गंजीमागं गेलेला मला स्पष्ट दिसला. अंगणात सात-आठ वर्षांचं एक पोरगं तेवढं उरलं.

"बाबा गावाला गेल्यात," मी काही विचारायच्या आत ते म्हणालं.

"बरं. म्हैस कुठं हाय?"

झालं. पोरानं भोकाड पसरलं. त्यांनी मला वसुलीवाला समजलं होतं, आणि वसुलीवाल्यानं आल्या आल्या म्हशीची चौकशी केली म्हणजे म्हैस न्यायलाच आला असणार. ते ओरडत गोठ्याच्या दारात आडवं उभं राहिलं. शेवटी मी गमबूट काढून दाखवले, ते बघून गंजीमागून आवाज आला, "आरं डॉक्टर हायती! आवो, तुमची फटफटी कुठंय?" म्हशीच्या पोटातली हवा काढून होईपर्यंत बाप हसत होता आणि पोरगं हुंदके देत माझ्याकडे संशयानं बघत होतं. दुसऱ्या दिवशी काचेवर 'जनावरांचे डॉक्टर' अशी पाटी लावली. खुणेचा उपयोग झाला, पण पूर्ण नाही. अजूनही नव्या वस्तीवर गेलो की कुणीतरी गंजीमागं जातंच.

चालवायला ही गाडी शिकावी लागते. रिकामी असली की कमानपाट्यांमुळे मागचा भाग उडतो, खड्ड्यात आपटतो, आणि ओल्या मातीत मागची चाकं जागच्या जागी फिरतात. बहुतेक बोलेरोंसारखी माझीही दोनच चाकांना ओढ असलेली. चार चाकांची ओढ परवडली नसती आणि तिचे पार्टही इथं मिळाले नसते. उपाय म्हसवडच्या एका शेळ्यांच्या व्यापाऱ्यानं सांगितला. मागच्या ॲक्सलच्या वर सरकी पेंडीची पन्नास-पन्नास किलोंची दोन पोती कायम ठेवायची. तेव्हापासून पावसाळाभर माझ्या गाडीत पेंड असते. चाकं माती धरतात, गाडी शांत बसते, आणि एखाद्या वस्तीवर व्यालेल्या गाईला खुराक नसेल तर एक पोतं तिथंच उतरतं. ते पैसे कधी येतात, कधी येत नाहीत.

मागच्या समोरासमोरच्या दोन बाकांच्या मधे नायट्रोजनचा कंटेनर बरोबर बसला. पट्ट्यांनी आवळला की घाटातही हलत नाही. मात्र नायट्रोजन सतत थोडा थोडा उडत असतो, आणि बंद गाडीत तो हवेतला प्राणवायू बाजूला सारतो. म्हणून थंडी असो वा धूळ, एक काच बोटभर उघडी ठेवावी लागते. उन्हाळ्यात दहिवडी ते म्हसवड जाऊन आलो की मी पांढरा झालेला असतो. हिवाळ्यात कॅल्शियमची बाटली हीटरच्या झोतासमोर ठेवतो. गाय व्याल्यावर थंड पडून बसते तेव्हा कॅल्शियम शिरेतून अगदी सावकाश द्यावं लागतं, आणि ते अंगाच्या उष्णतेला आलेलं असलं तर बरं. वस्तीवर पाणी तापवायला लागणारी वीस मिनिटं या हीटरनं वाचवली. गाडी बनवणाऱ्यांनी हा विचार केला नसणार.

हमरस्त्यावर मात्र ती बिचारी होते. शिरवळला काही कामानं गेलो तर खंबाटकीत मालट्रक मला ओव्हरटेक करतात, आणि मी त्यांना करू देतो. ऐंशीच्या वर गेली की वाऱ्याचा आणि इंजिनचा आवाज मिळून बोलणं अशक्य होतं. वळणावर झुकते. रात्रीचे दिवे यथातथाच. घरच्यांना पुण्याला न्यायचं असेल तर मुलं सरळ एसटीनं जातात. त्यांचं बरोबर आहे.

आणि ती रात्र, जिनं मिस्त्रीचा हिशेब खरा ठरवला. शिंगणापूरच्या खालच्या अंगाला एक गाय अडली होती, वासराचं डोकं मागं वळलेलं. पोहोचायला दोन-तीन किलोमीटर राहिले असताना बॉनेटमधून वाफ आली आणि तापमानाचा काटा वर गेला. उघडून बघितलं. रेडिएटरचा वरचा होजपाइप जुना होऊन तडकलेला. गाडी वयात आली की रबर आधी जातं. वस्तीवरून मोटारसायकल घेऊन पोरगा आला, तो मला घेऊन गेला. जाताना वाटेतल्या एका घरासमोर हॉर्न मारून तो ओरडला, "डॉक्टरची बोलेरो हाय वड्यावर, पाइप फुटलाय!" एवढंच. पत्ता नाही, नंबर नाही.

गोठ्यात तासभर गेला. वासराचं डोकं सरळ करायला हात खांद्यापर्यंत आत, दोर जबड्यामागं, बाहेर दोघं ओढणारे, आणि गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं. वासरू जिवंत निघालं, नाकात काडी घातल्यावर शिंकलं. हात धुऊन परत ओढ्यावर आलो तर गाडीपाशी बॅटरी पेटलेली. एक ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस, ज्याला मी ओळखतही नव्हतो, त्यानं जुन्या ट्रॅक्टरच्या पाइपाचा तुकडा मापानं कापून दोन क्लॅम्पांनी आवळला होता आणि घागरीनं पाणी भरत होता. म्हणाला, "ह्यावर सकाळपस्तोर ऱ्हावा. मंग चांगला टाका." पैसे विचारले तर म्हणाला, "माझी शेळी गाभ जात न्हाय, तेवढी बगा उद्या." तिथं त्या काळ्या, चामडी सीटच्या गाडीचं बॉनेट कुणी उघडलंच नसतं. उघडलं असतं तरी वरच्या प्लास्टिकच्या झाकणाखाली काय आहे हे बघायलाच सकाळ झाली असती.

सात माणसांची गाडी दारात उभी असली की ती आपली राहत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. फोन मला येत नाही, बायकोला येतो. "वैनी, डॉक्टर उद्या मोकळं हायती का?" याचा अर्थ गाडी मोकळी आहे का. बाळंतीण साताऱ्याला न्यायची, सिव्हिलमधून कुणाला घरी आणायचं, शिंगणापूरच्या यात्रेला म्हाताऱ्यांना सोडायचं. पांढऱ्या पाटीची गाडी, भाडं घेता येत नाही. घेतलं तर कायद्यात बसत नाही आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. मग डिझेल कोण टाकणार यावर एक अबोल समजूत तयार झाली. लग्नाचे लोक टाकतात, दवाखान्याचे टाकत नाहीत. निवडणुकीत मात्र मी गाडी कुणालाच देत नाही. एकाला दिली की उरलेल्या सगळ्यांच्या गोठ्यात माझी पत जाते.

२०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा मात्र सगळं बंद केलं. जनावरांचे बाजार बंद, यात्रा बंद, माझ्या गाडीतले प्रवासीही बंद. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना द्यायची होती. मागं बर्फाचे डबे, वरून ओलं गोणपाट. हा रोग चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो, आणि एका वस्तीवरची माशी माझ्याच गाडीतून दुसऱ्या वस्तीवर जाईल या भीतीनं मी आजारी गोठ्यापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला गाडी लावायचो आणि दारं पटकन बंद करायचो. रोज संध्याकाळी आत-बाहेर औषध मारायचो. त्या औषधानं दारांच्या खालच्या कडांचा रंग उडाला. तासगावच्या मोरचुदाच्या डागाशेजारी माझ्या आयोडिनचे डाग पडले. डाग बघूनच आता मालकाचा धंदा सांगता येईल, दोन्ही मालकांचा.

पुढच्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होतात. पुन्हा पासिंग करून घ्यावं लागेल, पर्यावरण कर भरावा लागेल, मग पाच वर्षांची मुदत मिळेल. गाडी टिकेल. मला काळजी आहे ती मिस्त्रीची. त्याचा मुलगा चाकणला कंपनीत लागला, तो परत येणार नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाच्या गाड्या आल्या, त्यांच्यात जागोजागी सेन्सर. दिवा लागला की आधी स्कॅनर जोडायचा, मग पाना उचलायचा. मिस्त्री स्कॅनर घेऊन बसला नाही. मध्यंतरी मी विचारलं, पुढची गाडी कोणती घेऊ? तो पाटे खोलत खाली झोपला होता, तिथूनच म्हणाला, "म्या असंतोवर हीच. म्या गेल्यावर आदी स्कॅनरवाला बगा, मंग गाडी बगा."

दरम्यान आटपाडीकडचा एक शेळ्यांचा व्यापारी गाडी मागायला आला. त्याला शेळ्या-बोकड आणायला हवी होती. मी त्याला सगळं दाखवलं. मॅट उचलून वेल्डिंग दाखवलं, क्लच दोनदा टाकलाय सांगितलं, डावीकडचा एक पाटा तडकलाय तो दाखवला, दारांचा रंग कशानं गेला तेही सांगितलं. मीटर खरं आहे, पण माझ्याकडे आल्यापासूनचंच, त्याआधीचं मी सांगू शकत नाही, हेही बोललो. दर वाक्याला तो पाच-दहा हजार खाली उतरत होता. शेवटी त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "डॉक्टर, राग मानू नका. पर बाजारात मालक जवा सोताहून एवड्या खोडी सांगतो ना, तवा मोठी खोड त्यानं झाकल्याली असती."

सौदा मोडला. तडकलेला पाटा मात्र मी दुसऱ्याच दिवशी बदलून घेतला.